धागा: पोलीस भरतीत निवड झाली, आता प्रशिक्षणासाठी अंग कसं तयार करायचं? (खान्देशातल्या मुलामुलींसाठी)

गिरणाकाठ

नमस्कार मंडळी. धाकट्या भावाची पोलीस शिपाई म्हणून निवड झाली. आम्ही चाळीसगाव तालुक्यातले, घरी कपाशी आणि थोडी केळी. घरातली ही पहिलीच सरकारी नोकरी, त्यामुळे निकाल लागल्यापासून गावभर सत्कार आणि पेढे चालू आहेत. भरतीसाठी हाच भाऊ अंधारात उठून पाटाच्या रस्त्याने पळायचा, आता ऊन अंगावर येईपर्यंत झोपतो. म्हणतो, ग्राउंड काढलंय, पुढचं तिथे गेल्यावर शिकवतीलच की.

माझी काळजी वेगळी आहे. शेजारच्या गावचा एक मुलगा प्रशिक्षणातून नडगीला प्लास्टर घालून घरी आला. तो काही लेचापेचा नव्हता, पळण्यात पंचक्रोशीत त्याचं नाव होतं. मग असं का होतं? प्रशिक्षणाचं पत्र यायला अजून थोडा वेळ आहे. या काळात भावाने काय करावं? चुलत बहीणही निवडली गेली आहे, तिच्यासाठीही सांगा. ज्यांनी हे स्वतः केलंय त्यांनी सविस्तर लिहावं, ही विनंती.

तेजचल

दादा, आधी भावाचं आणि बहिणीचं अभिनंदन. मी धुळे जिल्ह्यात नोकरीला आहे, प्रशिक्षण होऊन काही वर्षं झाली.

भाऊ म्हणतो तिथेच गोम आहे. भरतीची मैदानी म्हणजे मुलांना १६०० मीटर, १०० मीटर आणि ७.२६ किलोचा गोळा. मुलींना ८०० मीटर, १०० मीटर आणि ४ किलोचा गोळा. सगळं मिळून ५० गुण. सोळाशे पाच-सव्वापाच मिनिटांत संपतं. जीव तोडून पळायचं, लाइन ओलांडली की गवतावर आडवं व्हायचं. त्या सवयीवर शरीर तयार झालेलं असतं.

मूलभूत प्रशिक्षण ९ महिन्यांचं. तिथे कोणी तुमचा वेग बघत नाही. उजाडायच्या आत रोलकॉल, मग पीटी, मग बूट चढवून परेड, नाश्त्यानंतर आंतरवर्गात, म्हणजे वर्गात बसून, कायद्याचे तास, संध्याकाळी पुन्हा मैदान: लाठी, खेळ, कधी अडथळे, कधी दोर. रात्री गणती होईपर्यंत तुम्ही पायांवरच असता. आणि उद्या पुन्हा तेच. म्हणजे कस लागतो तो रोज सावरण्याचा. आज थकलेलं अंग उद्या पहाटे पुन्हा उभं राहतं का, एवढाच प्रश्न असतो.

आमच्या तुकडीत पहिल्या महिन्यात थकून बसले ते बहुतेक भरतीत पळण्यात पुढे असलेलेच. निवड झाल्यावर सराव सोडलेला, मधल्या काळात वजन वाढलेलं, आणि मनात मात्र जुनाच वेग. शेतात राबणारी, पळण्यात मध्यम असलेली पोरं शेवटपर्यंत टिकली. भावाला एवढंच सांगा की निवड आणि रुजू होणं यांच्यातले हे दिवस सुट्टीचे नाहीत.

सातपुडा_वारा

+१. जागेवर बसून राहू नका, बाकी सगळं जमतं.

फिजिओ_जळगाव

त्या शेजारच्या मुलाला काय झालं असावं ते सांगते. माझ्याकडे अशी मुलंमुली दर बॅचनंतर येतात. मोघम सल्ल्याने कोणाचा पाय वाचत नाही, म्हणून जरा लांबण लावते.

दम लवकर वाढतो, स्नायू त्यानंतर तयार होतात आणि हाड सगळ्यात शेवटी. हाडावर नवीन भार पडला की शरीर आधी जुना भाग कुरतडून काढतं आणि मग तिथे नवा, भक्कम थर घालतं. भिंत दुरुस्त करताना आधी खराब विटा काढाव्या लागतात, तसंच. त्यामुळे अचानक मेहनत वाढवली तर साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात हाड सगळ्यात नाजूक झालेलं असतं. नेमकी तेव्हाच दम आणि उमेद वाढलेली असते, मुलं जोरात असतात, आणि तेव्हाच नडगीला किंवा पंजाच्या हाडाला केसासारखी चीर जाते. इंग्रजीत त्याला स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात. पाय मुरगळलेला नसतो, कुठे पडलेलं नसतं, तरी हाड चिरतं.

दोन दुखण्यांतला फरक प्रत्येक प्रशिक्षणार्थ्याला माहीत हवा. नडगीच्या आतल्या कडेने वीतभर पट्ट्यात दुखत असेल, पळायला लागल्यावर जास्त आणि अंग तापल्यावर कमी होत असेल, तर ती बहुधा शिन स्प्लिंट. भार कमी केला, बर्फ लावला, पोटऱ्यांचे व्यायाम केले की आठवड्यांत बसते. पण बोटाच्या टोकाने दाबल्यावर एकाच जागी कळ उठत असेल, एका पायावर उडी मारवत नसेल, रात्री पडल्यावरही ठणकत असेल, तर त्या दिवशी पळणं बंद आणि डॉक्टर. सुरुवातीच्या एक्स-रेत ही चीर पुष्कळदा दिसतच नाही. एक्स-रे नॉर्मल आला म्हणून पुन्हा मैदानावर पाठवलेली मुलं मी पाहिली आहेत. दुखणं तसंच राहिलं तर एमआरआय करून घ्यायचा आग्रह धरा.

मग आत्ता काय करायचं? भावाला रोज वेगात पळायला लावू नका. आठवड्यातले काही दिवस सावकाश, गप्पा मारता येतील अशा चालीने पळू द्या, तेही मातीच्या रस्त्यावर. अंतर दर आठवड्याला थोडं थोडंच वाढवायचं. एक दिवस पूर्ण विश्रांती. पायरीवर पंजे ठेवून टाचा वर-खाली करणं, आधी दोन्ही पायांनी, मग एकेका पायाने. पोटरी जेवढी मजबूत, तेवढा नडगीवरचा मार कमी. एका पायावर उभं राहून तोल सांभाळणं, बैठका, पोटाचे व्यायाम. हे दिसायला किरकोळ आहे, पण नऊ महिने यावरच उभे राहणार आहात.

खाकी_स्वप्न

मॅडम, पुस्तकात हे ठीक आहे. तिथे दुखतंय म्हटलं की नाटकी समजतात. आजारी रजा जास्त झाली तर पुढच्या सत्रात टाकतील ही भीती प्रत्येकाला असते. आमच्याकडे सगळे सकाळी एक पेनकिलर घ्यायचे आणि मैदानावर उतरायचे. निघाले दिवस.

फिजिओ_जळगाव

भाऊ, तुमचे निघाले याचा आनंदच आहे, पण हा सल्ला कृपया कोणाला देऊ नका. गोळीने दुखणं झाकलं जातं, चीर भरत नाही. वर घाम जाऊन अंगातलं पाणी कमी झालेलं असताना रोज अशा गोळ्या घेतल्या तर मूत्रपिंडावर थेट परिणाम होतो. मोठ्या मेहनतीनंतर लघवी चहाच्या किंवा कोकच्या रंगाची झाली, मांड्या दगडासारख्या कडक झाल्या, तर स्नायू फुटून त्यातलं द्रव्य रक्तात उतरलेलं असू शकतं. तेव्हा तासाभराचीही वाट बघू नका, गोळी तर अजिबात नको, सरळ दवाखाना.

तेजचल

खाकीभाऊ, भीती खरी आहे, मलाही होती. पण हिशोब करून बघा. नडगीवर वेळेत आठवडाभर हलकी ड्यूटी मिळाली तर सत्र वाचतं. हाड चिरलं तर दोन-तीन महिने जातात आणि सत्रही जातं. दुखणं सांगायचीही एक रीत असते. परेड चालू असताना मध्येच रांग सोडून बसू नका. सकाळी हजेरीलाच वर्गाच्या निर्देशकांना नीट सावधानमध्ये उभं राहून सांगा: कुठे दुखतंय, कधीपासून, काय केल्यावर. नेमकं सांगणाऱ्याला बहुतेक उस्ताद, म्हणजे कवायत शिकवणारे, नाटकी समजत नाहीत. रोज वेगळं दुखणं सांगणाऱ्याला समजतात.

जुना_कवायतवाला

गिरणाकाठ भाऊ, तुना भाऊले सांगजो, घाबरानं काम नै. नोकरीतली बरीच वर्षं पोरांना कवायत शिकवण्यात गेली, आता पारोळ्याकडे शेती बघतो. माझ्या हाताखालून गेलेली पोरं आज ठाणी सांभाळतात, त्यामुळे या विषयावर लिहायचा हक्क आहे असं समजतो.

बाहेरून बघणाऱ्याला वाटतं कवायत म्हणजे पाय आपटणं. नवं पोरगं पहिल्या दिवसापासून सिमेंटच्या मैदानावर टाच आपटतं आणि आवाज निघाला की खूश होतं. तीच टाच पंधरा दिवसांनी सुजते. खरी रीत अशी: गुडघा वर येतो, मांडी जमिनीला समांतर होते, आणि पाय खाली येताना पूर्ण तळवा एकदम सपाट बसतो. गुडघा किंचित सैल. आवाज तळव्याचा यायला हवा, टाचेचा नाही. गुडघा ताठ ठेवून टाच मारली की तो झटका नडगीतून कमरेपर्यंत जातो. मी पहिले काही दिवस पोरांना अनवाणी, मातीवर, आवाज न करता पाय बसवायला लावायचो. आवाज नंतर आपोआप यायचा.

दुसरं, उभं राहून चक्कर येणं. सावधानमध्ये बराच वेळ उभं राहिलं की रक्त पायांत उतरतं, डोक्याला कमी पडतं आणि धडधाकट गडी धाडकन पडतो. कारणं तीनच असतात: सकाळी काही न खाता आलेला, पाणी न प्यायलेला आणि गुडघे मागे दाबून कुलूप लावलेला. बुटाच्या आत बोटं हलवत राहायचं, पोटऱ्या आवळायच्या आणि सोडायच्या. बाहेरून कोणाला दिसत नाही. डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली तर हात वर करून खाली बसायचं. तोंडावर पडून दात पाडून घेण्यापेक्षा ते बरं.

रगड्याबद्दल, म्हणजे शिक्षा म्हणून करून घेतात त्या जास्तीच्या मेहनतीबद्दल, माझं मत स्पष्ट आहे. शिस्तीसाठी दोन फेऱ्या जास्तीच्या, थोडी बैठक, हे चालतं. त्याने तुकडी एक होते. पण दुपारच्या उन्हात, पाणी न देता, कोणीतरी कोसळेपर्यंत पळवणं ही शिकवणूक नाही. ज्याला शिकवता येत नाही तो दमवतो.

आणि एक गोष्ट आपल्या मुलुखाची. १८२५ मध्ये औट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने खान्देशात भिल्ल पलटण उभी केली, तिचं ठाणं आपल्या धरणगावात होतं. सातपुड्याचे डोंगर पायाखाली घालणारी ती माणसं. दमाला आणि चिवटपणाला आपल्याकडे कधीच तोटा नव्हता. धडगाव-अक्कलकुव्याकडची पोरं लांब पळण्यात आणि चढणीवर आजही भारी पडतात. त्यांना जड जातो तो बूट आणि सपाट सिमेंट. तेवढी सवय आधी केली की त्यांना कोणी धरू शकत नाही.

भुसावळची_ताई

गिरणाकाठ दादा, बहिणीसाठी मी लिहिते. पोलीस दलात आहे.

मुलींचं सगळ्यात अडतं ते दोरावर आणि भिंतीवर. भरतीत हाताची ताकद गोळ्यापुरतीच लागते, म्हणून हात-खांद्यांकडे आम्ही लक्ष देत नाही. दोर चढणं नुसत्या हातांनी करायला गेलं तर दोन हात वर गेल्यावर माणूस लटकतं. दोर पायांनी चढायचा असतो. दोर एका पायाच्या बाहेरून घेऊन त्याच बुटाच्या खालून काढायचा, दुसऱ्या बुटाने वरून दाबून धरायचा, म्हणजे पायाखाली पायरी तयार होते. मग त्या पायरीवर उभं राहायचं, हात वर सरकवायचे, पोट आवळून गुडघे छातीशी आणायचे, पुन्हा पायरी. उतरताना हात घसरू द्यायचे नाहीत, तळवे सोलून निघतात आणि पुढचे चार दिवस लाठी धरवत नाही. हाताखाली हात घेत यायचं.

आत्तापासून तिला लिंबाच्या फांदीला किंवा शाळेतल्या डबलबारला नुसतं लटकायला सांगा. मग लटकून खांदे खाली ओढायचे. मग कोणीतरी पाय धरून पुलअप. जोर जमिनीवर जमत नसतील तर ओट्यावर हात ठेवून सुरू करायचे आणि हळूहळू खालच्या पायरीवर यायचं. रायफल सुमारे चार किलोची असते. हातात घेतल्यावर काही वाटत नाही, पण खांद्याशी धरून उभं राहिलं की पाठ बोलायला लागते.

दुसरं, रुजू व्हायच्या आधी हिमोग्लोबिन तपासा. बायकांमध्ये १२ च्या खाली म्हणजे रक्त कमी. आपल्याकडे पोरी ९-१० वर घरकाम, कॉलेज सगळं ओढतात आणि कोणाला कळत नाही. मैदानावर मात्र धाप लागते, पाय शिशासारखे होतात आणि तिला वाटतं आपल्यातच दम नाही. लोहाच्या गोळ्यांनी रक्त भरून यायला दोन-तीन महिने लागतात, म्हणून आजच तपासायचं. पाळी सहा-सहा आठवडे आलीच नाही तर "बरं झालं, कटकट गेली" म्हणू नका. मेहनत जास्त आणि खाणं कमी पडत असल्याची ती खूण असते आणि त्याने हाडं कमजोर होतात. तिथल्या मॅडमना सांगा, लाजू नका.

धडगाव_आरोग्य

ताईंनी रक्ताचा विषय काढला, म्हणून एक महत्त्वाची भर घालतो. नंदुरबार जिल्ह्यातल्या आणि सातपुड्याच्या पट्ट्यातल्या मुलामुलींनी सिकलसेलची, म्हणजे आईवडिलांकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराची, तपासणी करून घ्यावी. शासकीय दवाखान्यात ती होते. २०२३ पासून राष्ट्रीय मोहीमही चालू आहे.

ज्यांना आजार नाही पण ते वाहक आहेत, म्हणजे आईवडिलांपैकी एकाकडूनच तो गुण आला आहे, त्यांना एरवी काही त्रास होत नाही. ते पळतात, खेळतात, नोकऱ्या करतात. हे अपात्रतेचं कारण समजून लपवू नका. पण पाणी कमी, ऊन जास्त आणि एकदम टोकाची मेहनत हे एकत्र आलं तर वाहकांमध्ये स्नायू निकामी होऊन माणूस कोसळू शकतो. त्याला नेहमीसारखे गोळे येत नाहीत, पाय एकाएकी लुळे पडल्यासारखे होतात. तो तोंडाने बोलतो, शुद्धीत असतो, म्हणून लोकांना वाटतं की ढोंग करतोय. अशा वेळी "उठ, पळ" म्हणणं जिवावर बेतू शकतं. वाहक असाल तर मेहनत टप्प्याटप्प्याने वाढवा, पाणी सोडू नका, पहिल्या दिवसापासून जोरात पळायची ईर्षा नको. सोबतच्या दोघांना आणि प्रशिक्षण केंद्राच्या डॉक्टरांना सांगून ठेवा.

तेजचल

हे मला नोकरीत येऊनही माहीत नव्हतं. धन्यवाद, सर. सगळ्यांनी वाचावं असं आहे.

उन्हावरही लिहितो. आपल्या भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. आपण म्हणतो, आम्ही उन्हातलीच माणसं. खरं आहे, पण सावलीत बसून सोसलेलं ऊन आणि बूट-पट्टा घालून सोसलेलं ऊन यात फरक आहे. उन्हात मेहनत करायची सवय लागायला शरीराला दहा ते चौदा दिवस लागतात, आणि मध्ये सोडली की ती सवय उतरते. पत्र उन्हाळ्यात आलं तर शेवटचे दोन आठवडे थोडं ऊन वर आल्यावर चाला, पळा, वेळ हळूहळू वाढवा. एकदम दुपारी नको.

सोबतचा मुलगा बरळायला लागला, दिशा चुकायला लागला, चिडचिड करू लागला तर तो उष्माघात समजा. घाम येतोय म्हणून उष्माघात नाही असं नसतं, मेहनतीतल्या उष्माघातात घाम चालू असतो. बूट-शर्ट उतरवा, मिळेल तेवढं पाणी अंगावर ओता, वारा घाला आणि लगेच दवाखान्यात न्या. गाडीची वाट बघत नुसतं सावलीत झोपवून ठेवू नका. बेशुद्धाच्या तोंडात पाणी ओतू नका.

गिरणाकाठ

एवढं मनापासून लिहिलंत, सगळ्यांचे आभार. भावाला शेजारी बसवून धागा वाचून दाखवला. त्याने मध्ये एकही शब्द काढला नाही, शेवटी फक्त विचारलं की खाण्याचं काय? त्याला कोणीतरी महागडी प्रोटीन पावडर सुचवली आहे.

भुसावळची_ताई

पावडरीचे पैसे वाचवा. आपल्या घरात काय कमी आहे? कळण्याच्या भाकरीत ज्वारीसोबत उडीद असतो, ती दाळीचं पोषण सोबत घेऊनच येते. वर शेंगदाण्याची चटणी, ताक, अंडी चालत असतील तर अंडी, मोड आलेली मटकी. मैदानावर जायच्या अर्धा-पाऊण तास आधी एक-दोन केळी. ती तर तुमच्या बांधावरच आहेत. फक्त शेवभाजी आणि तळणाचा मारा कमी करा, पहाटे पळताना तो वर येतो. मेसमध्ये वेळ थोडा असतो, चव घरची नसते, रुसून न जेवणारी पोरंच आधी आजारी पडतात. ताटात येईल ते पोटभर खायची सवय आत्ताच लावा.

खाकी_स्वप्न

फिजिओ मॅडम, तुमचं पटलं. माझ्या नडगीला आजही एका जागी दाबलं की दुखतं. जळगावला येऊन दाखवतो.

फिजिओ_जळगाव

नक्की या. येताना जुने एक्स-रे असतील तर घेऊन या.

गिरणाकाठ

आबा (कवायतवाले), शेवटचा प्रश्न. बुटाची सवय घरी कशी करायची? नवे बूट आत्ताच घ्यावेत का? भावाला पूर्वी पळताना टाचेला फोड यायचे.

जुना_कवायतवाला

गणवेशाचे बूट तिथे मिळतील किंवा सांगतील तसे घ्यावे लागतील. सवयीसाठी आत्ता साधे चामडी, घोट्याच्या वर येणारे बूट चालतात. संध्याकाळी दुकानात जा, कारण दिवसभरात पाय फुगलेले असतात. जाड मोजा घालूनच माप बघा. पुढे अंगठ्याला आडवं बोट मावेल एवढी जागा हवी आणि टाच अजिबात उचलली जायला नको. टाच उचलते तिथेच फोड येतो. आधी घरात तासभर, मग शेताच्या फेरीला, मग थोडं भरभर चालणं. बूट घालून लगेच पळायचं नाही. चामड्याला तेल लावून मऊ करा. आत पातळ सुती आणि वर जाड असे दोन मोजे घातले की घासणं मोज्या-मोज्यात होतं, कातडीला लागत नाही.

फोड आलाच तर कातडी सोलून काढू नका. सुई उकळत्या पाण्यात धरून कडेने टोचा, पाणी दाबून काढा, कातडी तशीच ठेवून वर चिकटपट्टी लावा. दुसऱ्या दिवशी परेडला उभं राहता येतं. नखं सरळ कापा, कोपरे खोल कोरू नका. रात्री पाय धुवून बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या, मग झोपायचं.

पत्र आलं की सांगा कोणतं केंद्र मिळालं ते. तिथलं कोणी ओळखीचं असेल तर मैदान मातीचं आहे की सिमेंटचं, ते विचारून ठेवतो.